पलीकडचं दार

दहा चाळीसची गाडी थॉर्नमूरच्या बोगद्यातून बाहेर पडली, तेव्हा तिच्या तिसऱ्या डब्यातून कोणीतरी बाई जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

रेव्हन्सक्लफच्या फलाटावर सार्जंट एफ्राइम हॉलरॉइड उभा होता. कंपनीच्या रेल्वे पोलिसांतला माणूस. वाहतूक सुपरिटेंडंट गॉन्टसाहेब याच गाडीनं येणार म्हणून कोट झटकून, बुटांना पॉलिश मारून तो नऊ दिवसांच्या कोरड्या थंडीत कुडकुडत होता. एवढ्या दिवसांत आभाळातून पाण्याचा थेंब पडला नव्हता. पडलं होतं ते फक्त दव, आणि तेही काचेसारखं गोठलेलं.

गाडी थांबायच्या आत त्यानं पळत जाऊन दार उघडलं.

ती पोरगी दाराला इतकी चिकटून बसली होती की ती सरळ त्याच्या अंगावरच कोसळली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. चेहरा काजळीनं काळा, डोक्याची पांढरी टोपी काळी, अंगाभोवती उंची लोकरीचं पांघरूण. तिच्यामागं कप्प्याच्या दुसऱ्या टोकाला, पलीकडच्या खिडकीशी, इंजिनाकडे पाठ करून गॉन्टसाहेब बसले होते. ते नेहमी तिथंच बसत. फलाटाकडच्या खिडकीशी बसलं की अर्ज घेऊन नोकरमाणसं गोळा होतात, हे त्यांना आवडत नसे. आज त्यांचं कपाळ फुटलं होतं आणि डोळे उघडे होते.

हॉलरॉइडनं पलीकडच्या दाराची मूठ फिरवली. दार हललं नाही. कुलूप होतं.

तो मागं वळला तेव्हा गार्ड रुबेन क्लेग शेवटच्या डब्यातून उतरून धावत आला होता. साठीला टेकलेला, खांद्यानं रुंद माणूस, पांढरी दाढी नुकतीच धुतल्यासारखी ओली. हॉलरॉइड पोलिसांत येण्याआधी गार्ड होता, आणि ते काम त्याला शिकवलं होतं रुबेननंच. रुबेननं आत डोकावलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो प्रेताकडे पाहत नव्हता. पोरीकडे पाहत होता.

"ही कुठून आली?" तो म्हणाला.

"ते तू मला सांगायचं," हॉलरॉइड म्हणाला. "गाडी तुझी आहे."

प्रवासी उतरवून झाल्यावर हॉलरॉइडनं फलाटाकडची दारं एकेक करून लावून घेतली. कुलूप लावायचं आणि मग दार एकदा स्वतःकडे हिसकून पाहायचं, ही त्याची जुनी खोड. सहा वर्षं झाली पोलिसांत येऊन, पण घरातून निघतानाही तो दार हिसकल्याशिवाय पायरी उतरत नसे. बायको हसायची. मग गाडी बाजूच्या रुळावर नेली आणि दोन्ही अंगांना पहारे बसवले, कोणी हात लावायचा नाही म्हणून.

*

परगण्याच्या पोलिसांचा इन्स्पेक्टर क्राउदर तासाभरात आला. तो घाईत होता, कारण तो नेहमीच घाईत असे.

"कप्प्यात दोनच माणसं," तो बोटं मोडत म्हणाला. "एक मेलं. दुसरं हे. पलीकडच्या दाराला कुलूप. फलाटाकडच्या दाराशी हीच बसलेली. आता मला गणित शिकवू नकोस, हॉलरॉइड."

"मारलं कशानं?"

"लोखंडाच्या कशानंतरी. खिडकीतून फेकलं असेल बोगद्यात. खिडकी उघडली म्हणून तर तोंड काळं झालंय तिचं."

पोरीचं नाव डॉर्कस पेल. हार्कस्लॅकच्या गिरणीत मागावर काम करायची, इथल्या गिरणीत चार शिलिंग जास्त मिळतात ऐकून निघाली होती. बायकांच्या विश्रांतिगृहात तिला बसवलं होतं. समोरचा चहा तसाच गार होत होता.

"तिकीट तिसऱ्या वर्गाचं," क्राउदर म्हणाला. "बसलीस पहिल्या वर्गात. का?"

"मी बसले नाही, साहेब. मला बसवलं. गाडी हलली होती. तिथल्या पोर्टरनं समोर आलं ते दार उघडलं आणि आत ढकललं. ते साहेब म्हणाले, बस, पुढच्या ठेसनावर बदल. मग म्हणाले, काकडलीयस की. आणि आपलं पांघरूण दिलं."

"आणि बोगद्यात शिरल्यावर?"

"अंधार. कप्प्यात दिवाच नव्हता."

दिवा नव्हता हे खरं होतं. दिवसाच्या गाड्यांत दिवे लावून तेल जाळायचं नाही, असा हुकूम खुद्द गॉन्टसाहेबांनी नाताळात काढला होता. तीन मैलांचा बोगदा, सात मिनिटांचा काळोख, आणि प्रवाशांच्या तक्रारींचा ढीग त्यांच्या मेजावर. तेल मात्र वाचलं होतं.

"साहेबांना डोळा लागला होता," डॉर्कस म्हणाली. "घोरत होते. मी भिंतीशी अंग चोरून बसले. मग पलीकडच्या दाराशी खट् झालं. थोडं थांबून पुन्हा खट्. आणि दार उघडलं. धूर आला, गार वारा आला, चाकांचा आवाज असा आला की जणू गाडी अंगावरून चाललीय. मग धप्प झालं. दोनदा. मला ओरडताच येईना."

"आणि मग तो माणूस हवेत विरला?"

"नाही, साहेब. गेला. दार लावलं, खट् झालं, आणि मग ते दार एकदा हिसकलं. बाहेरून. घराला कुलूप घालून माणूस ओढून बघतो ना, तसं."

हॉलरॉइड खिडकीशी उभा होता. तो वळला.

"पुन्हा सांग. शेवटचं."

तिनं पुन्हा सांगितलं. एक शब्दही बदलला नाही.

क्राउदरनं खुर्ची जवळ ओढली. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. मनानं तो दुष्ट नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकायला जास्त वाईट वाटलं.

"हे बघ पोरी, ही भुताखेतांची कहाणी पंचांपुढे टिकायची नाही. तू फासावर जाशील. पण अंधार होता, तू एकटी होतीस, म्हाताऱ्यानं अंगाला हात लावला आणि तू जीव वाचवायला मारलंस, एवढं म्हण. पंचांनाही लेकी आहेत. वर्ष-दोन वर्षांवर भागेल."

"पण त्यांनी हात नाही लावला."

"अगं, मेलाय तो! त्याचं काय जातंय?"

"पांघरूण दिलं त्यांनी मला," डॉर्कस म्हणाली. तिला रडू फुटलं, पण बोलणं थांबलं नाही. "मेलेल्या माणसावर असा आळ कसा घेऊ? तुम्हीच सांगा, कसा घेऊ?"

क्राउदरनं काखा वर केल्या. परवा सकाळी कोरोनरपुढे, म्हणजे संशयास्पद मृत्यू तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, चौकशी होती. तोवर तिला विचार करायला वेळ होता.

*

गाडीत पलीकडच्या कुलपाच्या किल्ल्या दोघांकडेच होत्या. एक गार्ड रुबेन क्लेग. दुसरा गॉन्टसाहेबांचा कारकून फिनियस लम, जो लागून असलेल्या कप्प्यात दोन लोकर-व्यापाऱ्यांबरोबर बसला होता.

लम सडपातळ, ओलसर डोळ्यांचा इसम होता. साहेब गेल्याचं दुःख त्याला झालं होतं की सुख, हे त्याला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं.

"तुमचं साहेबांशी पटायचं का?"

"साहेबांशी कोणाचंच पटत नसे, सार्जंट. अकरा वर्षांत एकदा मला शाब्बास म्हणाले. तेही चुकून."

"बोगद्यात तुम्ही कुठं होतात?"

"जागेवर. मधल्या जागी, त्या दोन व्यापाऱ्यांच्या चिमट्यात. एकजण सबंध बोगदाभर माझ्या कानाशी लोकरीचे भाव सांगत होता."

हॉलरॉइडनं त्याच्या कॉलरकडे पाहिलं. खळ केलेली, दुधासारखी पांढरी कॉलर. व्यापाऱ्यांच्याही तशाच. त्यानं ते वहीत टिपलं आणि रुबेनकडे गेला.

रुबेन गार्डाच्या डब्यात शेगडीपाशी बसला होता. त्यानं न विचारता चहा ओतला. शेगडीच्या वर दोरीवर त्याचा कोट वाळत होता. काळ्या जाड कापडाच्या पाठीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, पांढुरके ओघळ वाळले होते. गवंड्याच्या कपड्यांवर असतात तसे.

"भिजलास कुठं?"

"हा डबा गळतो. वर्कशॉपात सांगून जीभ झिजली माझी."

"बोगद्यात काही ऐकलंस?"

"बोगद्यात काय ऐकू येणार, पोरा? मी आत बसून पावत्या लावत होतो. खिडक्या बंद." हॉलरॉइड चव्वेचाळीसचा होता, पण रुबेनला तो अजून पोरच होता. "तिचं काय होईल?"

"लटकवतील."

रुबेननं शेगडीत कोळसा टाकला. बराच वेळ तो चिमटा हातातच धरून बसला.

खुंटीला एक निळा लोकरी रुमाल टांगला होता. रुबेनच्या धाकट्या भावाचा, सेथचा. आई गेल्यावर रुबेननंच त्याला वाढवलं, सिग्नलवर चिकटवलं. गेल्या साली सेथ सिग्नलच्या खोलीत झोपला आणि दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. चारजण मेले. सेथ बावीस तास कामावर होता हे अख्ख्या लाइनीला ठाऊक होतं. गॉन्टसाहेबांनी शपथेवर दहा तास सांगितले. साक्षीला उभं राहायला एकही माणूस पुढं आला नाही. सेथनं तुरुंगात गळफास लावून घेतला.

हॉलरॉइडनं चहा संपवला आणि तो उतरला.

उतरताना त्यानं डब्याच्या छपराकडे पाहिलं. त्यावर पांढरं दव घट्ट बसलं होतं, कुठं एक ओघळ दिसत नव्हता. मग तो गाडीच्या पलीकडच्या अंगाला गेला. पहारेकरी तिथं हातावर फुंकर घालत उभा होता.

"कोणी आलं इकडे?"

"चिटपाखरू नाही, साहेब."

गार्डाचा डबा सोडून सहा डबे, प्रत्येकाला तीन कप्पे, म्हणजे या अंगाला अठरा दारं. डब्यांच्या खालून लांबचलांब लाकडी फळी जात होती. चालत्या गाडीत गार्ड याच फळीवरून, मुठींना धरत, तिकिटं तपासत फिरतात. हॉलरॉइडनं पहिल्या दाराची मूठ फिरवली. दार उघडलं. दुसरं उघडलं. तिसरंही. तो चालत राहिला. अठरांपैकी सतरा दारं किल्लीशिवाय, नुसत्या मुठीनं उघडली.

कुलूप फक्त गॉन्टसाहेबांच्या दाराला होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हार्कस्लॅकला गेला. तिथला पोर्टर जेबेझ नटर बुटका, लाल नाकाचा, घरी सहा पोरं असलेला माणूस होता. थंडीनं त्याची बोटं सुजून फुटली होती.

"गाडी सुटायच्या आधी पलीकडची दारं कुलूपबंद करायचं काम तुझं?"

"माझंच, साहेब. नियमच आहे. कोणी चुकून रुळांवर उतरू नये म्हणून."

"काल केलीस?"

"म्हणजे काय! एकूण एक. आणि गार्डाला ओरडून सांगितलं, 'दारं बंद' म्हणून. विचारा रुबेनला."

"किल्ली दाखव."

नटरनं लोखंडी किल्ली काढली. ती बोटांना झोंबल्याबरोबर त्यानं ती चिंधीत गुंडाळली.

"जेबेझ, एका पोरीचा जीव टांगणीला लागलाय. तूच ढकललंस तिला आत."

"गाडी चुकली असती तिची! मी भल्यासाठीच केलं." नटरचे डोळे फलाटभर फिरले. "मी दारं लावली. सगळी लावली. याउपर मला विचारू नका, साहेब. सहा पोरं आहेत मला."

"मी पोरांबद्दल काही विचारलंच नव्हतं," हॉलरॉइड म्हणाला. "चौकशी उद्या दहाला आहे. रेव्हन्सक्लफमध्ये, लोकर-बाजारातल्या खानावळीच्या माडीवर."

परतीच्या गाडीत तो बसला नाही. कंदील घेऊन तो बोगद्यातून चालत निघाला. बोगद्याला हवेसाठी डोंगरातून खोदलेल्या तीन उभ्या विहिरी होत्या. बाहेर सगळं गोठलेलं, पण डोंगराच्या पोटातलं पाणी गोठत नाही. तिसऱ्या विहिरीखाली ते दोन रुळमार्गांच्या मधोमध सतत कोसळत होतं. भिंतीकडेनं चाललं तर एक थेंब अंगावर येत नव्हता. हॉलरॉइड मुद्दाम मधोमध शिरला आणि पाण्याकडे पाठ करून आडवा चालला. चार पावलांत कोट पाठीवर भिजून जड झाला.

तिथून शंभर पावलांवर कंदिलाच्या उजेडात एक लोखंडी पिन दिसली. डबे जोडायची, हातभर लांब. असल्या पिना रुळाकडेला जागोजाग पडलेल्या असतात. या पिनेला मात्र केस चिकटले होते.

घरी आल्यावर बायकोनं कोट चुलीपाशी टाकला. सकाळी त्याच्या पाठीवर चुन्याचे पांढरे ओघळ होते. हॉलरॉइड त्या कोटाकडे बराच वेळ पाहत बसला. त्याला न्याहारी गेली नाही.

*

माडीवर माणूस माणसाला लागला होता. कोरोनरच्या समोर बारा पंच, बाजूला क्राउदर, लम, रुबेन. डॉर्कसनं चेहरा धुतला होता, त्यामुळे ती अजूनच लहान दिसत होती.

क्राउदरनं तिला शेवटचं विचारलं. "साहेबांनी तुला हात लावला का?"

"नाही, साहेब."

पंचांपैकी एकानं मान खाली घातली. डॉर्कस पेलनं आपल्या हातानं दोर गळ्यात घालून घेतला, असं सगळ्यांनाच वाटलं.

"मला दोन शब्द बोलायचेत," हॉलरॉइड म्हणाला. त्यानं दाराकडे पाहिलं. जिन्यावर कोणी नव्हतं. जे सांगायचं त्याचा निम्मा आधार अजून आला नव्हता. "ही मुलगी म्हणते पलीकडचं दार उघडलं. इन्स्पेक्टर म्हणतात, कुलूप होतं, म्हणजे ती खोटं बोलते. मी म्हणतो, कुलूप होतं म्हणूनच ती खरं बोलते."

"कोड्यात बोलू नका," कोरोनर म्हणाला.

"त्या अंगाला अठरा दारं आहेत. सतरा उघडी होती. एकालाच कुलूप होतं."

"पोर्टर तर म्हणतो सगळी लावली होती!" क्राउदर उसळला. "त्याचा जबाब आहे."

"खोटा आहे तो."

आवाज जिन्यावरून आला. जेबेझ नटर टोपी चुरगाळत उभा होता. तो पहाटे हार्कस्लॅकहून चालत निघाला होता, कारण त्या वेळी गाडी नव्हती. घामानं त्याचं तोंड चमकत होतं.

"मी एकही दार लावलं नाही," तो म्हणाला. "बोटं फुटलीत माझी. किल्ली कातड्याला चिकटते. मी दिव्यांच्या खोलीत शेकत बसलो आणि तिथूनच ओरडलो, दारं बंद. म्हटलं, एक दिवसानं काय होतंय." त्यानं डॉर्कसकडे पाहिलं आणि लगेच मान वळवली. "आता माझ्या पोटावर पाय येणार, ते येऊ दे. मला दोन रात्री झोप नाही."

माडीवर गलका झाला. कोरोनरनं मेज ठोकलं.

आता मागं फिरणं नव्हतं.

"गाडी सुटली तेव्हा अठराच्या अठरा दारं उघडी होती. मग एकाला कुलूप लागलं कधी? चालत्या गाडीत. लावलं कोणी? ज्याच्याकडे किल्ली होती त्यानं. मुलीनं आधी दोनदा खट् ऐकलं. उघडं दार उघडायला किल्ली कशाला लागते? पण आलेल्या माणसाला दार उघडं आहे हे ठाऊक नव्हतं. त्यानं नियमाप्रमाणे ते बंदच धरलं होतं. त्यानं किल्ली फिरवली, तेव्हा उघडं दार उलट बंद झालं. मूठ हलेना. त्यानं परत फिरवली, मग उघडलं. काम झाल्यावर त्यानं ते होतं तसं करून ठेवलं. म्हणजे त्याला वाटलं तसं. त्यानं ते उघडं टाकलं असतं, तर अठरा उघड्या दारांत ते एक मिसळून गेलं असतं आणि आम्ही आजही चाचपडत बसलो असतो."

"किल्ली दोघांकडे होती," कोरोनर म्हणाला.

लमची पाचावर धारण बसली. "मी... मी जागेवरून उठलोसुद्धा नाही..."

"नाही उठलात," हॉलरॉइड म्हणाला. "दार उघडलं की धूर आत येतो. मुलीचं तोंड त्या धुरानं काळं झालं. तुमच्या कप्प्याचं दार उघडलं असतं, तर तुम्ही आणि ते दोन व्यापारी कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे दिसला असता. तुमच्या कॉलरी पांढऱ्या होत्या."

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या होत्या.

हॉलरॉइडनं काखेतलं बोचकं सोडलं आणि आपला कोट मेजावर पसरला, पाठ वर करून.

"रुबेन, तू म्हणालास डबा गळतो. अकरा दिवस झाले, पाऊस नाही. तुझ्या छपरावरचं दव जागचं हललेलं नव्हतं. तुझ्या कोटावर होते तसे ओघळ माझ्याही कोटावर आलेत. ते फक्त एकाच ठिकाणी येतात, तिसऱ्या विहिरीखाली, दोन रुळांच्या मधोमध. खिडकीतून डोकं काढलं असतंस, तर डोकं भिजलं असतं. तुझी पाठ भिजली होती. फळीवर उभं राहून, डब्याकडे तोंड करून चालणाऱ्याचीच पाठ भिजते."

रुबेननं हात गुडघ्यांवर ठेवले होते.

"एवढ्यानं माणूस फासावर जातो?" तो शांतपणे विचारत होता. जणू शिकाऊ माणसाला नियम विचारावा तसा.

"नाही. अजून एक आहे. ते मला पहिल्याच दिवशी, हिचा जबाब ऐकतानाच कळलं होतं. मला ते खोटं ठरावं असं वाटत होतं, म्हणून मी बाकीचं शोधत फिरलो." हॉलरॉइडनं रुबेनकडे पाहिलं. "कुलूप लावल्यावर दार हिसकून बघायचं. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. या लाइनीवर तसं करणारी दोनच माणसं आहेत. एक शिकवणारा आणि एक शिकलेला. शिकलेला त्या वेळी फलाटावर उभा होता."

रुबेननं डोळे मिटले.

"मला ठाऊक नव्हतं," तो अखेर म्हणाला. "आत पोरगी आहे हे ठाऊक नव्हतं. मी तो कप्पा त्याच्या एकट्यासाठी ठेवला होता. अंधारात मला फक्त त्याचं घोरणं ऐकू आलं. बावीस तास सेथला झोपू दिलं नाही त्यानं, आणि स्वतः घोरत होता."

"बोगद्यात ठाऊक नव्हतं. फलाटावर तर दिसली ना? दोन दिवस झाले, रुबेन. सेथच्या वेळी बावीस तास सगळ्यांना माहीत होते आणि सगळे गप्प बसले. मीही बसलो. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तू? तुझ्या भावाला ज्या गप्प बसण्यानं मारलं, तेच तू हिच्या वाट्याला दिलंस."

रुबेनच्या दाढीतून पाणी ओघळलं. तो उठला, डॉर्कससमोर गेला आणि काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं. डॉर्कसनं मान दुसरीकडे फिरवली. तिला त्याचा चेहरा बघायचा नव्हता, आणि त्याबद्दल तिला दोष कोण देईल?

*

दुपारी डॉर्कस सुटली. गिरणीतली जागा तोवर दुसऱ्या कोणाला दिली होती. जेबेझ नटरला बडतर्फ केल्याची तार त्याच दुपारी हार्कस्लॅकला गेली. कामात हयगय, एवढंच कारण तीत होतं. दिवसाच्या गाड्यांत दिवे लावायचा हुकूमही निघाला, पण तो पुढच्या महिन्यापासून.

रुबेनला कोठडीत नेण्याचं काम क्राउदरनं हॉलरॉइडवर सोपवलं. आत गेल्यावर रुबेननं गार्डाची किल्ली खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवली.

"डब्यातला तो निळा रुमाल आणशील?"

"आणतो."

"गळ्याला नको. हातात धरायला हवाय."

हॉलरॉइड बाहेर आला. त्यानं कोठडीचं दार लावलं, कुलूप घातलं, आणि तो निघणार तेवढ्यात त्याचा हात आपसूक पुढं गेला. त्यानं दार एकदा स्वतःकडे हिसकून पाहिलं.

आतून रुबेनचा आवाज आला.

"लागलंय, पोरा. जा आता."